गेटवरची वीस मिनिटं

माझा साडू दारू पीत नसे. दुसऱ्या एखाद्या गावात या वाक्यात सांगण्यासारखं काही नाही, पण सिल्वासात आहे. आमच्या तीन अंगांना गुजरात, तिथे दारूबंदी, आणि आम्ही मात्र मोकळे. शनिवारी दुपारपासून वापीकडच्या गाड्यांची रांग लागते आणि घरंदाज माणसं देवळाच्या पायऱ्या चढावीत तशी बारच्या पायऱ्या चढतात. उतरताना देवळासारखी उतरत नाहीत, एवढाच फरक. त्यामुळे इथे रस्त्यात कुणी झोकांडी खाल्ली किंवा कुणाची जीभ जड झाली, तर कुणी थांबून ‘काय झालं?’ असं विचारत नाही. काय झालं असणार ते सगळ्यांना ठाऊक असतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आम्ही दोघंही धुळ्याकडचे. तो इथे आधी आला, नरोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि तीन वर्षांनी त्याने मलाही तिथेच पॅकिंगमध्ये चिकटवलं. सिल्वासात एकाच गॅलरीवर समोरासमोर आमच्या खोल्या. त्याच्या बायकोला मी ताई म्हणतो. ताईच्या हातची वरणबट्टी खाऊन मी तिच्याच नवऱ्याची नक्कल तिला करून दाखवायचो आणि ती पदरात तोंड लपवून हसायची. साडू शांतपणे म्हणायचा, “झालं का तुझं नाटक? आता हात धू.”

नक्कल हा माझा जुना रोग. आमच्या खात्यात असा एक माणूस नव्हता ज्याला मी सोडलं. मॅनेजर जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवून देवाला शिवी द्यायचा, ती मी त्याच्यापेक्षा चांगली द्यायचो. कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत माझ्याभोवती पंधरावीस माणसं जमायची. साडूची नक्कल सगळ्यात सोपी होती. चष्मा कपाळावर, एक कान मशिनीला लावलेला, आणि चेहरा असा की जणू आतून कुणीतरी त्याला गुपित सांगतंय. तो खरंच कानाने मशीन ओळखायचा. दहा मशिनी चालू असताना कुठल्या स्पिंडलचं बेअरिंग बिघडतंय ते सांगायचा. नवीन फिटरला त्याचा एक धडा ठरलेला होता. आवाज करणाऱ्या मशिनीला फार भ्यायचं नाही. आवाज करून आपोआप गप्प झालेल्या मशिनीला भ्यायचं, तिला त्याच दिवशी उघडायचं.

तो दारू पीत नव्हता त्याला कारण होतं. त्याचा बाप दारूत गेला, तेही शेताच्या बांधावर, भर दिवसा, चार लोकांदेखत. लग्न ठरताना आमच्या सासऱ्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता. साडूने उत्तर न देता देवघरासमोर जाऊन हात जोडले होते. बावीस वर्षं त्याने ते पाळलं. होळीला नाही, पगाराला नाही, माझ्या मुलाच्या बारशाला मी हातापाया पडलो तरी नाही.

आता गेटचं सांगतो. आमच्याकडे कधीकाळी एका पिऊन आलेल्या माणसाचा हात मशिनीत सापडला होता. तेव्हापासून गेटवर तोंडाने फुंकायचं एक यंत्र आलं. आम्ही त्याला फुंकणी म्हणायचो. ज्याच्यावर शंका येईल त्याला वॉचमन फुंकायला लावायचा. आकडा आला की माणूस घरी, आणि त्याचा टोकन नंबर गेटच्या काळ्या पाटीवर आठवडाभर. नाव नाही, फक्त नंबर. पण नंबर सगळ्यांना पाठ असतात.

चैत्रातली दुपार होती, तीनच्या पाळीची. मी मोटारसायकल चालवत होतो, साडू मागे. दमणगंगेच्या पुलावर मागून काहीतरी पडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर त्याचा डबा रस्त्यावर, झाकण एकीकडे, भाकरी एकीकडे. मी म्हणालो, “काय साडूभाऊ, ताईशी भांडण झालं म्हणून भाकरी फेकताय?” तो काही बोलला नाही. मला वाटलं, रागावला. डबा मीच उचलला.

गेटवर तो उतरला तो उजवा पाय ओढत. वॉचमन बिहारकडचा, आठ वर्षं इथे राहून त्याची मराठी, हिंदी आणि गुजराती एकाच पिशवीत भरलेली. तो म्हणाला, “काका, टोकन बोला.”

साडूने तोंड उघडलं. बाहेर आलं ते असं काहीतरी होतं, “चा... चाप... पण...”

“काय?”

“चापण... पा...”

त्याच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली आला होता. तिथून थोडी लाळ गळत होती. आणि त्याच्या डोळ्यांत असा गोंधळ होता, की आपणच बोलतोय आणि आपल्यालाच ऐकू येतंय ते भलतंच.

मागे पाळीची वीसपंचवीस माणसं उभी होती. म्हणजे माझे प्रेक्षक. मी दोन्ही हात वर केले. “थांबा मंडळी! बावीस वर्षांचा उपास आज सुटला!”

हशा झाला. कुणी म्हणालं, “आम्हाला न सांगता उद्घाटन, काका?” दुसरा म्हणाला, “आता पार्टी द्या, सुटका नाही.” एकाने शिट्टी वाजवली. वॉचमननेही हसत फुंकणी पुढे केली.

साडूला फुंकता येईना. ओठ नळीभोवती मिटत नव्हते, उजवीकडून हवा निसटत होती. मग मी पुढे झालो. मी माझ्या दोन बोटांनी त्याचे ओठ नळीवर दाबून धरले आणि म्हणालो, “फुंका साडूभाऊ, केक कापायचाय.” पुन्हा हशा. त्याने फुंकलं. आकडा आला शून्य.

वॉचमनने यंत्र हातावर आपटलं. स्वतः फुंकून पाहिलं, शून्य. मला फुंकायला लावलं, शून्य. तीन माणसांची तीन शून्यं आली, आणि त्यावरून आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की यंत्र बिघडलंय.

तेवढ्यात शिफ्टचा साहेब आला. त्याने साडूकडे एकदा पाहिलं, म्हणाला, “घरी पाठवा. याच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” वॉचमनने पाटीवर नंबर लिहिला.

साडू गेटजवळच्या बदामाच्या झाडाखाली बसला. मी आत जायला हवं होतं, पण पाच मिनिटं त्याच्याजवळ थांबलो, हे मी माझ्या बाजूने सांगतो. माझ्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे. सगळी मिळून वीसेक मिनिटं गेली असतील. मी निघणार तेवढ्यात त्याने मान वर केली आणि आपला टोकन नंबर म्हटला. स्पष्ट. मग पुन्हा म्हटला. उजव्या हाताची मूठ उघडली, मिटली, उघडली. तोंडही सरळ झालं होतं. तो उठून वॉचमनकडे गेला, पाय न ओढता, आणि तिसऱ्यांदा नंबर म्हणाला.

“काका, आता पाटीवर लिहिला. साहेब पुसला तर पुसला,” वॉचमन म्हणाला.

“काय झायं तुम्हाले?” मी अहिराणीत विचारलं. विचारताना हसतच होतो.

“काहीच नही झायं. उन्हानं चक्कर आली.” आणि मग माझा हात धरून, हलक्या आवाजात, “ताईले सांगू नको. तिले वाटी, बापासारखा निघना.”

पाळी सुटेपर्यंत तो नदीकाठच्या देवळात बसून राहिला आणि रोजच्या वेळेला माझ्या मागे बसून रोजच्यासारखा घरी आला. वाटेत त्याने पुन्हा एकदा बजावलं. मी शब्द दिला. माझ्या बायकोला विचारा, माझ्या पोटात कुठलीही गोष्ट संध्याकाळपर्यंत टिकत नाही. ही टिकली. आयुष्यात एक गुपित नीट सांभाळलं, ते हे.

म्हणजे घरी सांभाळलं. कँटीनमध्ये नाही. दुसऱ्या दिवसापासून माझा नवा खेळ सुरू झाला, ‘साडूभाऊंचा पहिला पेग.’ तोंडाचा कोपरा खाली, एक पाय ओढायचा, “चापण... पा...” चार दिवस मी तो प्रयोग केला. साडू त्या चार दिवसांत कँटीनला आला नाही. गेटमधून जाताना पाटीकडे न बघता मान खाली घालून जायचा. काम मात्र पहिल्यासारखं करत होता, म्हणून मला कसली शंकाही आली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी ताईची हाक आली. हाक कसली, किंकाळीच. तो मोरीच्या उंबऱ्यापाशी पडला होता. उजवा हात अंगाखाली, आणि तो हात आपला आहे हेच त्याला कळत नव्हतं. तोंड पुन्हा तसंच, एकीकडे. मी तिथे उभा राहून वीस मिनिटं होण्याची वाट बघत होतो. खरंच सांगतो. ताई म्हणत होती, “अहो, गाडी आणा!” आणि मी मनात म्हणत होतो, थांब, आत्ता नंबर म्हणेल. माझ्या बायकोने मला ढकललं तेव्हा मी जिना उतरलो.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, बोलण्यावरून कोकणातली. तिचा पहिला प्रश्न, “हे कधीपासून?” कुणाला सांगता येईना. साडू झोपेतून उठला तोच असा. रात्री किती वाजता झालं, कोण सांगणार? ती म्हणाली, “गुठळी विरघळवण्याचं औषध असतं, पण चारसाडेचार तासांच्या आत. वेळच माहीत नाही, आणि स्कॅनमध्ये मेंदूचं बरंच नुकसान झालेलं दिसतंय. आता ते देता येणार नाही.” मग तिने दुसरा प्रश्न विचारला. “याच्या आधी काही झालं होतं? थोडा वेळ होऊन आपोआप गेलेलं?”

ताई म्हणाली, “बशी पडली होती हातातून. मागच्या आठवड्यात, चहा पिताना. आणि त्याच्या दोन दिवस आधी म्हणाले, डाव्या डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं झालं. पाच मिनिटांत गेलं. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला.”

“तेव्हाच आणायला हवं होतं,” डॉक्टरीण म्हणाली. ओरडली नाही. हळूच म्हणाली, आणि मग पुढचं सगळं सांगितलं. मेंदूला रक्त नेणारी नळी थोडा वेळ अडते आणि सुटते, तो लहान झटका. तोंड एकीकडे ओढलं जातं, एका बाजूच्या हातापायातली ताकद जाते, शब्द अडखळतात किंवा भलतेच येतात, एका डोळ्यापुढे अंधार येतो. सगळं अचानक. दुखत काही नाही, आणि काही मिनिटांत माणूस होता तसा होतो, म्हणून लोक येत नाहीत. “पण मोठा झटका यायचा असेल तर बहुतेक वेळा त्याच्या पाठोपाठच्या दिवसांतच येतो. तेवढ्या दिवसांत आले तर आम्हाला काही करता येतं. रक्तदाब, साखर, मानेतल्या नळ्या बघता येतात, औषध सुरू करता येतं. बरं वाटलं तरी यायचं. त्याच तासाला.”

“आणखी काही झालं होतं?” तिने माझ्याकडे बघून विचारलं.

मी म्हणालो, “नाही.”

का म्हणालो? शब्द दिला होता, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. ताई माझ्या शेजारी उभी होती, आणि डब्याचं, गेटचं, फुंकणीचं सांगायचं तर चार दिवसांच्या नकलेचंही सांगावं लागलं असतं.

साडू वाचला. आठ महिने जगला. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. एकच शब्द राहिला, “चला.” पाणी हवं, चला. पाठ दुखते, चला. मुलगी सासरहून भेटायला आली, रडत रडत चला, चला. मी रोज त्याला आंघोळ घालायचो, दाढी करायचो. नक्कल करणाऱ्या माणसाला समोरच्याचा चेहरा फार जवळून बघावा लागतो, ती सवय मला होती. पण इतक्या जवळून मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. त्याला सगळं कळत होतं. मी गेटच्या गोष्टीपर्यंत यायचो आणि ब्लेड धुवायला उठायचो.

आणि ताई स्वतःला खात राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, बशी पडली तेव्हा मला कळायला हवं होतं, मी करंटी. त्याच्या धड्याप्रमाणे त्याच दिवशी उघडायला हवं होतं ते मशीन माझ्यासमोर, बदामाच्या झाडाखाली आपोआप गप्प झालं होतं. ताईने पडलेली बशी पाहिली होती, मी त्याहून शंभरपट पाहिलं होतं. आणि मी तिच्या समोर बसून म्हणायचो, “ताई, तुमचा काय दोष?”

मार्गशीर्षात तो गेला. पुन्हा झटका आला, या वेळी काही उरलं नाही.

तेराव्याला आम्ही गॅलरीखालच्या मोकळ्या जागेत मांडव घातला. नरोलीहून खात्यातली बरीच माणसं आली, वॉचमनही रजा टाकून आला. पंगत बसली. मी वाढत होतो, ताई दारात बसली होती. तिसऱ्या पानाशी एकजण शेजाऱ्याला सांगत होता, वाईट मनाने नाही, हळहळूनच, “माणूस देव होता. पण शेवटी दारूनेच नेलं. गेटवर धरला तेव्हाच भांडं फुटलं म्हणायचं.”

ताई उठली. “कोण प्यालं?”

ती त्या पानाशी आली.

“कोण प्यालं म्हणाले तुम्ही? कुठल्या गेटवर?” त्या माणसाने घास खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. गोष्ट सांगायची असली की ते लोक नेहमी माझ्याचकडे बघत.

माझ्या हातात वरणाचं पातेलं होतं. ते मी खाली ठेवलं आणि सांगितलं. डबा पडला ते. पाय ओढला ते. नंबर येईना ते. मी ओठ दाबून धरले ते. तीन शून्यं आली ते. “ते प्याले नव्हते,” मी म्हणालो, “तो पहिला झटका होता, आणि मी हसत होतो. मग चार दिवस मी कँटीनमध्ये त्याच झटक्याची नक्कल केली.” हे सगळं मी हात न हलवता, आवाज न बदलता सांगितलं. तसं मला सांगता येतं हे मलाच माहीत नव्हतं.

ताई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, “मला का नाही सांगितलं?”

“त्यांनी शब्द घेतला. तुम्हाला वाटेल, बापासारखे निघाले.”

“वाटलंच असतं,” ती म्हणाली. “मी आकाशपाताळ एक केलं असतं. पण प्याले की नाही ते तपासायला तरी त्यांना हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. तिथे कळलं असतं.” मग तिने डोळे पुसले आणि एक गोष्ट सांगितली, जी तिने दवाखान्यात सांगितली नव्हती. “बशी पडली तेव्हा मी तुम्हाला हाक मारायला निघाले होते. हे म्हणाले, त्याला नको सांगू. तो साऱ्या खात्यात करून दाखवील.”

मी खाली बसलो. कुणाच्या पानाशेजारी बसलो ते आठवत नाही. माझ्या बायकोने पातेलं उचललं आणि वाढायला सुरुवात केली, कारण पंगत अडली होती.

ज्या माणसाने दारूचं म्हटलं होतं तो उठून ताईपुढे हात जोडून उभा राहिला. त्याच्यामागून आणखी दोघे उठले. ती त्यांना म्हणाली, “बसा, अन्न टाकू नका. उद्या गेल्यावर खात्यात सांगा, ते पीत नव्हते म्हणून.” “सांगतो, वहिनी,” तो म्हणाला.

वॉचमन पंगतीच्या टोकाला होता. त्याने पानाला हात लावला नव्हता. तो तिथूनच म्हणाला, “ताई, मी रोज गेटवर असतो. असा कोणी परत आला, तर मी पहिला कोणाला सांगायचा? साहेबला?”

मी उत्तर जुळवत होतो. गाडी बोलवायची, दवाखान्यात न्यायचं, बरं वाटलं तरी न्यायचं, सगळं मला आता पाठ होतं. पण त्याने मला विचारलं नव्हतं.

“त्याला गाडीत घाल आणि पोचव,” ताई म्हणाली. “आणि त्याच्या घरच्या बाईला सांग. तो नको म्हणाला तरी सांग.”

वॉचमनने मान हलवली. मग ताई आत गेली, भाताचं ताट घेऊन आली आणि त्याच्या पानावर स्वतः वाढू लागली.